मेकॅनिकलनंतर जर्मनीत एमएस: कुठे अर्ज करावा, पैशाचं कसं बसवावं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मुलगी सांगलीत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहाव्या सेमिस्टरपर्यंत सीजीपीए ८.२. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जायचं म्हणते. आमच्या घरातून आजवर कुणी परदेशी गेलेलं नाही, त्यामुळे विचारणार कुणाला? एका कन्सल्टन्सीत गेलो. त्यांनी एक रुपयाही न घेता एक खाजगी विद्यापीठ सुचवलं, फी वर्षाला १२,००० युरो, "ॲडमिशन पक्की" म्हणाले. बाकी सगळे सांगतात की जर्मनीत शिक्षण फुकट. खरं काय धरायचं? आमची थोडी शेती आणि गावात घर आहे. ह्यांचं म्हणणं, एक एकर काढू. माझं मन धजावत नाही.

नेकारकाठचा:
ताई, जमीन विकायचा विचार आधी बाजूला ठेवा. मी इथे स्टुटगार्टजवळ गाड्यांच्या क्षेत्रात काम करतो.

कन्सल्टन्सी फुकट असते कारण कमिशन खाजगी विद्यापीठाकडून मिळतं. सरकारी विद्यापीठ कमिशन देत नाही, म्हणून त्यांचं नाव तिथे निघत नाही. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी फी नाही, दर सेमिस्टरला दीडशे ते साडेतीनशे युरो वर्गणी भरायची. दोन अपवाद लक्षात ठेवा. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूहे वगैरे, युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,०००. आखेन, डार्मश्टाट, ब्राउनश्वाइग, हॅनोव्हर, माग्डेबुर्ग, डुइसबुर्ग-एसेन बघा.

गुणांचं म्हणाल तर पास व्हायला किमान ४ धरून ८.२ चं त्यांच्या सूत्रानुसार १.९ होतं (तिकडे १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे जेमतेम पास). चांगलं आहे. पण आपल्याकडे रँकिंग बघतात आणि अर्ज अडतो तो विषयांवर. गणित, मेकॅनिक्स, थर्मो, कंट्रोल या प्रत्येकाचे किती क्रेडिट झाले हे ते मोजतात. कॉलेजकडून सगळ्या विषयांचा सविस्तर अभ्यासक्रम सही-शिक्क्यासह आत्ताच घेऊन ठेवा. निकालानंतर परीक्षा विभागात कुणी भेटत नाही.

माग्डेबुर्गची_मृणाल:
मी सध्या इथेच शिकतेय, खर्चाचं सांगते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो ठेवावे लागतात. ती फी नव्हे, आपलेच पैसे, महिन्याला ९९२ परत मिळतात. छोट्या शहरात त्यात भागतं, म्युनिकमध्ये खोलीच निम्म्याहून जास्त खाते. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी आहे, पण पहिल्या सेमिस्टरला त्या कमाईवर विसंबू नका. परीक्षा अवघड असतात आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव कमी होतं, आणि तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही. घरच्यांना हे आधी माहीत असावं, म्हणजे मुलीवर पैसे कमवायचा दबाव येत नाही.

एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दूतावासाच्या विभागाचा दाखला, २०२२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये. शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो, लगेच करा. अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै, पण काही नावाजलेल्या ठिकाणी मार्चमध्येच संपते.

जुना_शाखाधिकारी:
बँकेत कर्ज विभागात होतो म्हणून लिहितो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत साधारण विनातारण मिळतं, त्यावर सरकारी बँक तारण मागते. शेतजमीन त्यासाठी बहुतेक बँका घेतच नाहीत, त्यामुळे ती गहाण टाकायचाही प्रश्न नाही. गावातलं घर चालू शकेल, पण नुसत्या ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर मॅनेजर कचरतात. प्रॉपर्टी कार्ड आहे का? युरो शंभरच्या आसपास धरला तर ब्लॉक्ड अकाउंटचे बारा लाख होतात, विमान, विमा, सुरुवातीचा खर्च धरून पंधरा. ते कर्जात बसवता येतात. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. झेपेल तेवढं व्याज दरमहा भरत राहा, पुढे मुलीला खूप हलकं जाईल.

कृष्णाकाठ:
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! प्रॉपर्टी कार्ड आहे, सासऱ्यांच्या नावावर. एक शंका. ती म्हणते, इंग्रजीतला कोर्स घेईन, जर्मन तिथे गेल्यावर शिकेन. चालेल ना?

नेकारकाठचा:
नाही, ताई, यावर मी ठाम आहे. मेकॅनिकलचे इंग्रजी कोर्स मोजकेच आहेत आणि त्यांना जगभरातून अर्ज येतात. त्याहून मोठा प्रश्न नोकरीचा आहे. फोक्सवागनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये २०३० पर्यंत ३५,००० हून जास्त पदं कमी करण्याचा करार केला, आणि सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्याही हात आखडून आहेत. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. त्यात जर्मन बोलणारीला मुलाखतीला बोलावतात, न बोलणारीचा अर्ज पुढे सरकत नाही. चांगल्या गुणांची आपली मुलं केवळ भाषेपायी अडकलेली रोज दिसतात, वाईट वाटतं. निघण्याआधी बी१, म्हणजे जर्मनची मधली पातळी, झालीच पाहिजे.

शब्दांगण:
मी जर्मन शिकवते. गटे इन्स्टिट्यूट, म्हणजे जर्मन शिकवणारी जर्मनीची संस्था (आपल्याकडे मॅक्सम्युलर भवन), तिच्या अंदाजानुसार शून्यापासून बी१ पर्यंत ३५० ते ६५० तासिका लागतात, पाऊण तासाची एक. म्हणजे आज सुरू केलं तर ऑक्टोबरपर्यंत जमेल, पण रोज बसावं लागेल. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेतच, गटेचे वर्ग ऑनलाइनही असतात, सांगली सोडायची गरज नाही. शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट सांभाळून पहाटेची तुकडी बघा.

जुना_शाखाधिकारी:
घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांना जामीनदार म्हणून सही करावी लागेल. घरात आधी नीट बोलून घ्या, इतर वारसांशीही. मग वकिलाकडून घराच्या मालकीचा सर्च रिपोर्ट काढा आणि विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरून ठेवा. विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र आलं की मंजुरीला वेळ लागत नाही.