सासुरवाशीण ड्रॅगन

माणसाचं रूप घेणारे ड्रॅगन आणि त्यांचं प्रेम ही अलीकडची पाश्चात्त्य टूम, असं कुणीतरी म्हटलं; ते मत काही पटलं नाही. चीनमध्ये तांग साम्राज्याच्या काळातच (इ.स. ६१८ ते ९०७) ल्यू यी नावाच्या माणसाची अशी कथा लिहिली गेली.

परीक्षेत नापास होऊन घरी निघालेल्या ल्यू यीला रस्त्यात मेंढ्या राखणारी एक दुःखी बाई भेटते. ती दोंगथिंग सरोवराच्या ड्रॅगनराजाची मुलगी, सासरी छळलेली. (सासुरवास ड्रॅगनांनाही चुकला नाही!) तो तिचं पत्र माहेरी पोचवतो. ते कळताच तिचा काका, राजवाड्यात खांबाला बांधून ठेवलेला तांबडा ड्रॅगन, साखळी आणि खांबासकट आभाळात झेपावतो. थोड्या वेळाने जांभळ्या पोशाखातला रुबाबदार माणूस होऊन परततो. भाऊ विचारतो, किती मारले? सहा लाख. पिकं? आठशे ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) परिसरातली गेली. आणि तो नवरा? खाल्ला.

याहून काळोखी काय हवं? पण मला आवडतो तो पुढचा प्रसंग. हाच काका दारूच्या भरात ल्यू यीला दरडावतो, माझ्या पुतणीशी लग्न कर. आणि हा साधा माणूस त्याला चक्क नाही म्हणतो. लग्न होतं, पण फार नंतर, आणि बायको कोण हे त्याला आधी कळतच नाही.