लेक गेल्यावर आता हे कशासाठी?

सासरच्या छळात लेक गमावलेली एखादी आई गल्लोगल्ली फिरून बायकांना छळाविरुद्धचा कायदा सांगते, तेव्हा लोक विचारतात, लेक तर गेली, आता त्या आईला यातून काय मिळणार? आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका काकूंचं सांगते. त्यांची लेक सासरच्या छळात गेली. काकू लेकीचीच जुनी कापडी पिशवी घेऊन फिरतात. आत एक कागद, घडीवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला: २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, कलम ४. छळाची खबर शेजारीसुद्धा संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, देऊ शकतात, आणि चांगल्या हेतूनं दिली तर त्यांच्यावर काही बालंट येत नाही. काकूंचा सगळा जोर ह्यावरच. लेकीच्या शेजारणीला रोज ऐकू यायचं, पण नसतं लचांड नको म्हणून ती गप्प बसली.

मुलींकडून त्या महिला हेल्पलाइनचा १८१ नंबर पाठ करून घेतात. शाहू महाराजांनी १९१९ सालीच बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला, आणि त्याच कोल्हापुरात अजून "घरचं घरात ठेव" म्हणतात, याचा मला फार राग येतो.

परवा एका बाईनं काकूंसमोरच शेजारच्या सुनेसाठी फोन लावला. फोन संपेपर्यंत काकूंनी पिशवीचे बंद घट्ट धरून ठेवले होते.