मदत हवी आहे : चाळिशीनंतरच्या प्रेमाची, आजची मराठी कादंबरी

बडोद्याला दांडिया बाजार भागात आमचा छोटा वाचनगट आहे, बहुतेक सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. गौरी देशपांडेंचं ‘एकेक पान गळावया’ आवडलं, पण ते १९८० चं. मग सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) घेतली. भाऊ आणि बहीण एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात, आणि त्या मुलाला शेवटपर्यंत नावच नाही! तनयचा भाग त्या निघून गेलेल्या मुलालाच उद्देशून आहे. तो वाचताना माझा जीव गलबलला. अनुजाच्या भागात मात्र मी तितकी गुंतले नाही. गटात यावरून मस्त वाजलं. तरी ती विशीतली माणसं. आता आमच्या वयाचं कुणीतरी प्रेमात पडलेलं वाचायचंय.

सेंट्रल लायब्ररीतला मराठी विभाग धुंडाळला. जुनं भरपूर आहे, हवं ते सापडलं नाही. पुण्याच्या एका दुकानातून यादी मागवली तर सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या. (प्रेम म्हटलं की यांना राणीच आठवते.)

अनुवाद नको, कथासंग्रह नको. दोनशे पानांच्या आत बरं, कारण गटातल्या दोघींना बारीक टाइप सोसत नाही. ई-बुक चालणार नाही, छापील प्रतच हवी. शेवट दुःखी असला तरी चालेल, पण बाईने त्याग करून सगळं निस्तरलं असं नको.

तर २०१० नंतरची, सध्या छापील मिळणारी अशी कोणती कादंबरी तुम्ही स्वतः वाचली आहे, आणि बडोद्याला पोस्टाने कोण पाठवेल?