शब्दचर्चा : बायपोलर, उन्माद, झटका, उलटणे
(टाचण, दवात, चांदवा, समई, रुग्णमित्र ही चर्चेतल्यांची टोपणनावे.)

टाचण
बायपोलर डिसऑर्डर म्हणजे मनःस्थिती कधी फार चढण्याचा (मेनिया) तर कधी खोल नैराश्यात जाण्याचा आजार. त्यावरच्या चार पानी रुग्णपत्रकाचे मराठी करायचे आहे. वाचणार बहुधा घरातली गोळ्या देणारी व्यक्ती: आई, बायको, थोरला भाऊ. आजाराचे नाव, एपिसोड, मेनिया, मूड स्टॅबिलायझर आणि रिलॅप्स या शब्दांवर घोडे अडले आहे. कोशातून द्विध्रुवीय विकार, प्रकरण, उन्माद, भावस्थिरक, पुनरावर्तन असे जुळवले, पण वाचून घरच्यांनी नेमके काय करायचे ते कळत नाही.

दवात
आधी नावाचे बघू. 'बायपोलर' हा शब्द या आजाराला उशिरा चिकटला. १८५४ मध्ये पॅरिसमध्ये मनोविकारतज्ज्ञ फाल्रे यांनी त्याला 'वर्तुळाकार वेड' म्हटले आणि बायार्जे यांनी 'दुहेरी रूपाचे वेड'. १८९९ मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी उन्माद आणि विषाद (नैराश्य) एकाच आजाराखाली आणले. जर्मनीत कार्ल लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये 'एकध्रुवी' आणि 'द्विध्रुवी' असा भेद केला आणि १९८० च्या अमेरिकी वर्गीकरणातून तो जगभर गेला.

मराठीत 'ध्रुव' म्हटले की दोन टोके आणि त्यांच्यामध्ये प्रचंड अंतर असे चित्र उभे राहते. आजार तसा नाही. मिश्र अवस्थेत उन्माद आणि नैराश्य दोन्ही एकाच वेळी असतात: मन काळवंडलेले, पण डोक्यात विचारांची गर्दी आणि अंगात स्वस्थ बसू न देणारी ऊर्जा. आत्महत्येचा धोका इथे फार असतो. शिवाय पहिल्या प्रकाराच्या (पूर्ण उन्माद येतो त्या) बायपोलरच्या निदानाला उन्मादाचा एकच काळ पुरतो, नैराश्य येऊन गेलेले असायलाच हवे असे नाही. म्हणजे नावातला 'द्वि' सक्तीचासुद्धा नाही! मी शीर्षकात 'बायपोलर आजार' ठेवेन. आपल्याकडच्या फाइलींवर 'बीपीएडी' (बायपोलर अफेक्टिव्ह डिसऑर्डर) लिहिलेले असते, तेही एकदा सांगून टाका, म्हणजे हा वेगळाच रोग आहे असे कुणाला वाटणार नाही.

चांदवा
'मनःस्थितीच्या चढउतारांचा आजार' का नको? सोपे आहे.

समई
सोपे आहे म्हणूनच घात होतो. चढउतार कुणाला नसतात? सकाळी चिडलेला माणूस संध्याकाळी हसला की शेजारी 'बायपोलर' म्हणून मोकळे होतात. हे चढउतार तासांत मोजायचे नसतात. उन्माद म्हणायला किमान एक आठवडा, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराचसा वेळ मनःस्थिती चढलेली किंवा चिडखोर असावी लागते (दवाखान्यात भरती करावे लागले तर आठवड्याची अट नाही). हायपोमेनियाला (उन्मादाच्या कमी तीव्र रूपाला) किमान चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. वर्षभरात असे चार किंवा अधिक काळ आले तर त्याला 'रॅपिड सायकलिंग' म्हणतात, आणि घरचे तेवढ्यालाही 'मूड बदलतो' म्हणतात. चढउतार शब्द घ्यायचाच असेल तर 'आठवडे-महिने टिकणारे' हे त्याला जोडूनच छापा.

आणि 'एपिसोड'ला कृपा करून 'झटका' म्हणू नका.

चांदवा
पण लोक 'वेडाचा झटका आला' असेच म्हणतात ना?

समई
म्हणतात, आणि त्यातूनच घोटाळा होतो. मराठीत झटका म्हणजे फिट, फेफरे. या आजारात दिली जाणारी व्हॅल्प्रोएट आणि लॅमोट्रिजिन ही दोन्ही औषधे मुळात अपस्माराची. घरचे औषधाच्या दुकानात विचारतात, उत्तर येते 'फिटची गोळी आहे', इकडे पत्रकात लिहिलेले असते 'झटका'. 'आमच्या मुलाला कधी फिट आली नाही, गोळी चुकीची दिली' असा निष्कर्ष निघतो आणि गोळी बंद होते. त्यात विद्युत उपचारांनाही (ईसीटी) लोक 'विजेचे झटके' किंवा 'शॉक' म्हणतात. एकाच पत्रकात एका शब्दाचे तीन अर्थ! (विद्युत उपचार भूल देऊन आणि स्नायू सैल करूनच द्यायचे असतात. भुलेशिवाय देण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. 'विद्युत उपचार' या शब्दापुढे हे वाक्य हवेच.)

एपिसोडला माझा शब्द 'आवर्तन'. कालव्याचे पाणी आवर्तनाने सुटते: येते, काही दिवस राहते, थांबते, पुढचे पुन्हा येणार हे ठाऊक असते. शेतकऱ्याच्या घरात तो समजावून सांगावा लागत नाही. पूर्वी हिवतापाला 'पाळीचा ताप' म्हणत, तसा 'पाळी' हाही नेमका होता, पण आज त्याचा अर्थ दुसराच झाला आहे.

दवात
आवर्तन पटले. 'उन्माद' मात्र मला खटकतो. वर्तमानपत्री मराठीत धार्मिक उन्माद, सत्तेचा उन्माद: म्हणजे दोष माणसाचा. आयुर्वेदात तर उन्माद ही सगळ्या मनोविकारांवर घातलेली मोठी छत्री आहे. चरकाने त्याचे पाच प्रकार सांगितले, त्यांतला कुठलाही एक आजच्या मेनियाशी तंतोतंत जुळत नाही. कोणी 'तेजी' सुचवते, बाजारातल्या तेजी-मंदीसारखी. पण मराठी कानाला तेजी चांगली वाटते, ती कोण थांबवील?

टाचण
मग 'मेनिया'च ठेवू? आणि हायपोमेनियाला 'सौम्य उन्माद'?

दवात
मेनिया ठेवा आणि लगेच लक्षणे द्या. 'सौम्य' नको. सौम्य म्हटले की काळजीचे कारण नाही असा अर्थ लागतो. हायपोमेनियात माणूस कामावर जातो, उलट जास्तच काम करतो, म्हणून तक्रार कोणी करत नाही. दुसऱ्या प्रकारच्या बायपोलरमध्ये (हायपोमेनिया आणि नैराश्य) रुग्ण डॉक्टरांकडे येतो तो नैराश्यात आणि नुसते नैराश्यरोधक औषध घेऊन घरी जातो. पुढे काही रुग्णांत मनःस्थिती एकदम वर जाते. तिला 'पालट' म्हणावे. 'नैराश्यरोधक' हा शब्द सरळ वाटतो, पण या आजारात तो फसवा आहे: नैराश्य आहे म्हणून ते एकटे द्यायचे नसते. बायपोलर नैराश्यात क्वेटियापिन, लुरासिडोन, कॅरिप्राझिन, ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटिनची जोडी यांना पुरावा आहे, आणि यांतली बहुतेक औषधे मनोविकृतीविरोधी (अँटिसायकोटिक) गटातली. तो गट ऐकूनही घरचे घाबरतात.

समई
लक्षणांत एक वाक्य जपून लिहा. बहुतेक भाषांतरांत 'झोप न येणे' असते. ते चूक आहे. झोप न येणे म्हणजे माणूस अंथरुणात तळमळतो आणि सकाळी थकलेला असतो. ते नैराश्यात आणि चिंतेतही होते. मेनियात झोपेची गरजच कमी होते: तीन तास झोपून माणूस पहाटे टवटवीत उठतो आणि माळा आवरायला काढतो. 'झोप येत नाही का?' असे विचारले तर तो खरेच 'नाही हो, छान झोपतो' म्हणेल. प्रश्न असा हवा: 'नेहमीपेक्षा कमी झोपूनही थकवा येत नाही, असे सलग किती दिवस चालले आहे?'

रुग्णमित्र
मूड स्टॅबिलायझरविषयी. 'भावस्थिरक' ऐकून लोकांना वाटते, माणूस दगडासारखा होणार. आणि क्वेटियापिनने झोप लागते म्हणून घरात तिचे नाव पडते 'झोपेची गोळी'. मग झोप बरी लागली की 'आज नको' म्हणून ती टाळतात. 'आवर्तन येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी' असे लांबलचक लिहा, पण हेच लिहा. तिचे काम झोप आणणे नाही, हे पुढच्या ओळीत.

'गोळी राहिली' आणि 'गोळी बंद झाली' हा फरकही पत्रकात यावा. लॅमोट्रिजिन सहसा २५ मिग्रॅ रोज दोन आठवडे, मग ५० मिग्रॅ दोन आठवडे, अशी पायरीपायरीने चढवतात. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर निम्म्याने. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठून जिवावर बेतू शकते. एक दिवस राहिली तर फारसे बिघडत नाही. पाच दिवसांहून अधिक खंड पडला तर मात्र जुन्या मात्रेवर परस्पर परत जायचे नाही, डॉक्टरांना विचारून पुन्हा खालच्या पायरीपासून. आणि व्हॅल्प्रोएटपुढे ठळक अक्षरांत: मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना हे शक्यतो देत नाहीत. गरोदरपणी घेतल्यास साधारण दहांतल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळते आणि दहांतल्या तीन-चार मुलांच्या वाढीत व शिकण्यात अडचणी येतात. हे वाचून गोळी परस्पर थांबवू नका, आधी डॉक्टरांशी बोला, हेही तिथेच.

चांदवा
लिथियमला 'क्षार' म्हणावे की 'मीठ'?

रुग्णमित्र
रसायनशास्त्रात दोन्ही बरोबर, पत्रकात दोन्ही धोक्याचे. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियाच्या दहा रुग्णांवर लिथियमचा गुण आल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराईड वापरणारे हृदयरोगी विषबाधेने दगावले. 'मिठाची गोळी' म्हटले की आपल्याकडे कोणीतरी जेवणातले मीठ तोडणारच. ते उलट घातक. मूत्रपिंड लिथियमला बरेचसे सोडियमसारखेच वागवते. शरीरात सोडियम कमी पडले की ते सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. रक्तातली पातळी चढते. म्हणून निर्जळी एकादशी, उन्हातली वारी, जुलाब, उलट्या, ताप हे सगळे लिथियमच्या पानावर यायला हवे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेली आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, आणि रक्तदाबाच्या थायझाईड, रामिप्रिल, टेल्मिसार्टन या गोळ्याही पातळी वाढवतात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते.

दवात
'रिलॅप्स'ला मात्र कोश उघडायची गरज नाही. 'दुखणे उलटले' हे आजीच्या तोंडचे मराठी आहे. आणि 'रिमिशन' म्हणजे 'उतार पडला', 'बरा झाला' नव्हे. फाइलीवर एफ ३१.७ हा निदानाचा संकेतांक लिहिलेला दिसतो, म्हणजे 'सध्या उतार आहे'. त्यातल्या 'सध्या'वर सगळे औषधपाणी उभे आहे. उतार पडला म्हणून गोळ्या सोडल्या की दुखणे उलटते, विशेषतः लिथियम एकदम तोडले तर. पूर्वखुणांना 'चाहूल' म्हणा: दोन रात्री झोप कमी, मध्यरात्री फोन, एरवी नसलेली खरेदी. प्रत्येकाची चाहूल वेगळी असते, म्हणून पानावर तीन ओळी कोऱ्या सोडा.

समई
त्याच पानावर दिनक्रमही घ्या. पिट्सबर्गच्या एलन फ्रँक यांच्या उपचारपद्धतीचे शब्दशः भाषांतर 'सामाजिक लय उपचार' होते, ते कुणाला कळणार? 'दिवसाची घडी बसवणे' म्हणा. पाच वेळा रोज लिहायच्या: अंथरुणातून उठणे, पहिल्या माणसाशी बोलणे, कामाला लागणे, रात्रीचे जेवण, अंथरुणावर पडणे.

टाचण
शेवटच्या पानावर 'नवे संशोधन' आहे. तिथे 'आनुवंशिक' आणि 'पथदर्शी अभ्यास' (पायलट स्टडी) हे दोन शब्द आलेत.

दवात
'आनुवंशिक' वाचले की लग्ने मोडतात, म्हणून सविस्तर लिहा. २०२१ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात आजाराशी संबंधित ६४ जागा जनुकसंचात सापडल्या, २०२५ मध्ये तो आकडा २९८ वर गेला. म्हणजे 'बायपोलरचे जनुक' असे काही नाही, शेकडो बारीक धागे आहेत. आई किंवा वडिलांना आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के. जुळ्यांच्या अभ्यासांतून येणारा ६० ते ८५ टक्क्यांचा आकडा माणसामाणसांतल्या फरकात जनुकांचा वाटा किती, याचा आहे, 'शंभरांतल्या ऐंशी मुलांना होतो' असा नाही. मी तो पत्रकातून काढूनच टाकेन.

'पथदर्शी' नको, वाट सापडली असे वाटते. 'चाचपणी' म्हणा. नॉर्वेत २०१६ मध्ये २३ रुग्णांवर प्रयोग झाला: मेनियात नेहमीच्या औषधांसोबत संध्याकाळी ६ ते सकाळी ८ निळा प्रकाश अडवणारा चष्मा, सात दिवस. लक्षणे स्पष्ट कमी झाली. पण माणसे २३! चाचपणीच ती. नैराश्यासाठी दुपारच्या प्रखर प्रकाशाचे उपचारही तपासले गेले आहेत. 'प्रकाश उपचार' लिहिताना 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली' जोडा, कारण प्रकाशानेही पालट होऊ शकते.

टाचण
लिथियमचा परिच्छेद असा केला:

'लिथियम सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी उपाशीपोटी रक्त तपासा. पातळी बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रतिलिटरच्या दरम्यान ठेवतात, मेनियात थोडी वर. १.५ च्या पुढे विषबाधेचा धोका. हात जोरात थरथरणे, उलट्या-जुलाब, चालताना तोल जाणे, जीभ जड होणे यांपैकी काही दिसले तर पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा. मूत्रपिंड, थायरॉईड आणि कॅल्शियमची तपासणी दर सहा महिन्यांनी.'

रुग्णमित्र
'उपाशीपोटी' काढा. हा शब्द साखरेच्या तपासणीतून आला आहे. लिथियमला पोट रिकामे असण्याशी देणेघेणे नाही, शेवटच्या गोळीनंतर १२ तास व्हावे लागतात. 'उपाशीपोटी' वाचून माणूस चहा टाळतो, पण सकाळची गोळी पाण्याबरोबर घेऊन रक्त द्यायला जातो. पातळी खोटी चढलेली येते आणि मात्रा विनाकारण कमी होते. असे लिहा: 'रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर सकाळी ९ ला रक्त द्या. चहा-नाश्ता चालेल. सकाळची गोळी सोबत न्या, रक्त दिल्यावर घ्या.'

टाचण
बदलले. 'सोबत न्या' ठळक केले.