सल्ला हवा: स्लीपमधून उठवल्यावर लिनक्स डेस्कटॉप हँग होतो, खर्चाची मर्यादा २,००० रुपये

सेलूकर:
नमस्कार. परभणी जिल्ह्यातील सेलू येथे माझे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि लग्नपत्रिका, फलक यांची मांडणी करून देण्याचे छोटे दुकान आहे. दुकानात एकच डेस्कटॉप असून त्यात रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि लिनक्स मिंट २२ ही प्रणाली आहे. कार्ड मुलाने बारावीनंतरच्या सुट्टीत बसवले होते; तो आता शिक्षणासाठी पुण्याला असतो.

लाईट गेली की इन्व्हर्टरवर पंखा, दिवा आणि राउटर एवढेच चालावे, म्हणून मी संगणक बंद न करता स्लीपमध्ये टाकतो, कारण लाईट आल्यावर उघडलेल्या सर्व फायली जशाच्या तशा मिळतात. मिंट २१ वरून २२ वर आल्यापासून मात्र उठवल्यानंतर लॉकचा पडदा दिसतो, त्यावरील घड्याळ जुन्याच वेळेवर थांबलेले असते, माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवाही लागत नाही आणि पॉवरचे बटण दाबून धरण्याखेरीज मार्ग उरत नाही. मागच्या आठवड्यात एका शेतकऱ्याचा पीक विम्याचा अर्ज अर्धा भरलेला असताना असे झाले. ते सकाळपासून थांबले होते आणि त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस किलोमीटर यावे लागले, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

एक निरीक्षण सांगतो. काहीही उघडे नसताना स्लीपमध्ये टाकले तर संगणक नीट उठतो. ब्राउझर आणि इंकस्केप हे मांडणीचे सॉफ्टवेअर उघडे असले की बहुतेक वेळा अडकतो. लिनक्स सोडायचे नाही आणि २,००० रुपयांच्या वर खर्च करणे सध्या शक्य नाही. कृपया मार्ग सुचवावा.

गोदाकाठ_नांदेड:
दादा, या भानगडीत वेळ घालवू नका. मी दिवाळीत मिनी पीसी घेतला, ३२,००० रुपये लागले, आणि तेव्हापासून एकदाही हँग झालेला नाही. तो मॉनिटरच्या मागे बसतो आणि इन्व्हर्टरवर त्याचा भार इतका कमी पडतो की लाईट गेल्यावर स्लीपमध्ये टाकण्याची गरजच उरत नाही. एकदाच पैसे घाला आणि पाच वर्षे निश्चिंत राहा.

वसमत_वर्कशॉप:
मला संगणकाला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर संशय आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. संगणक स्लीपमध्ये असतो तेव्हा रॅममधील माहिती टिकवण्यासाठी एसएमपीएसची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन सतत चालू राहते. जांभळ्या रंगाची तार तीच. तिच्यावरील दाब ४.७५ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. माझ्या संगणकात मल्टिमीटर लावला तेव्हा तो ४.४ दाखवत होता. एसएमपीएस बदलला आणि त्रास संपला. आपल्याकडे लाईटचा दाब इतका वरखाली होतो की स्वस्तातला एसएमपीएस दोन उन्हाळ्यांपलीकडे टिकत नाही. मला २,८०० रुपये लागले. तुमच्या मर्यादेपेक्षा आठशेच जास्त आहेत, पण पैसे वसूल होतील.

बीड_बायपास:
मुळात डेस्कटॉप स्लीपमध्ये टाकू नये. माझा संगणक एसएसडीवरून २० सेकंदांत सुरू होतो, त्यामुळे मी लाईट गेली की फाईल जतन करतो आणि सरळ बंद करतो. शिवाय स्लीपमध्ये असताना इन्व्हर्टरची बॅटरीही संपली तर रॅममधले सगळे जातेच, मग त्या सोयीचा उपयोग काय? सवय बदलली की खर्च शून्य.

लातूर_टर्मिनल:
काहीही विकत घेण्यापूर्वी नेमके काय अडकते आहे हे ठरवावे, अशी कळकळीची विनंती आहे. संपूर्ण संगणक अडकणे आणि केवळ पडदा अडकणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, पण खुर्चीत बसलेल्या माणसाला त्या सारख्याच दिसतात. त्यासाठी दुसऱ्या यंत्रावरून लॉगिन करू देणारे ओपन-एसएसएच-सर्व्हर हे पॅकेज आजच बसवा, कारण मिंटमध्ये ते आधीपासून नसते, आणि मोबाइलवर टर्मक्ससारखे टर्मिनल घ्या. पुढच्या वेळी पडदा अडकला की त्याच राउटरवरून मोबाइलने संगणकात लॉगिन करून पाहा. लॉगिन झाले तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे, आणि मग एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड यांच्यावरचा संशय बराचसा गळून पडतो.

लॉगिन झाले नाही तर बटण दाबून संगणक पुन्हा सुरू करा आणि जर्नलसीटीएल ही आज्ञा उणे बी, उणे एक या पर्यायांसह चालवून मागील सत्राची नोंद वाचा. स्लीपमध्ये जाताना कर्नल ‘पीएम: सस्पेंड एंट्री’ अशी ओळ लिहितो आणि परत येताना ‘पीएम: सस्पेंड एक्झिट’ अशी. दुसरी ओळ असेल तर कर्नल परत आला होता. ती नसेल तर परत येताना किंवा त्याआधीच काही तरी बिघडले, अथवा ती ओळ डिस्कवर लिहिली जाण्यापूर्वीच तुम्ही बटण दाबले. हा शेवटचा भाग लोक विसरतात.

बटणाऐवजी आल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून ठेवून एस, यू, बी ही अक्षरे थोड्या थोड्या अंतराने दाबण्याची सवय लावावी. एस डिस्कवर लिहायचे राहिलेले लिहून टाकतो, यू फाईल व्यवस्था केवळ वाचण्यापुरती करतो आणि बी संगणक पुन्हा सुरू करतो. मिंटसारख्या उबंटूवर आधारलेल्या वितरणांत ही तीन अक्षरे मुळातच चालू असतात. पूर्ण क्रमात त्यांच्या आधी येणारी आर, ई, आय ही अक्षरे चालत नाहीत, कारण तेथे या सोयीचे, म्हणजे सिस-आरक्यूचे, मूल्य १७६ ठेवलेले असते.

जालना_जुने_यंत्र:
लातूरच्या मित्रांचे म्हणणे बरोबर आहे, पण इतका खटाटोप कशाला? प्रश्नातच उत्तर आहे. कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही म्हणजे कर्नलच थांबला आहे. आम्ही पंधरा वर्षे याच दिव्यावरून निदान करतो आणि ते चुकत नाही. रॅम काढून तिचे टोक खोडरबराने पुसून पुन्हा बसवा.

लातूर_टर्मिनल:
हा समज सर्वत्र आहे, म्हणून सविस्तर लिहितो. काळ्या पडद्यावरील नुसत्या टर्मिनलमध्ये तो दिवा कर्नल लावतो, तेथे आपले निदान योग्य ठरते. परंतु मिंटच्या सिनॅमन डेस्कटॉपवर साधारणपणे पडद्यावरचे सर्व दाखवणारा एक्स हा डिस्प्ले सर्व्हर चालतो आणि दाबलेल्या कळीचे काय करायचे व दिवा केव्हा लावायचा हे तोच ठरवतो. तो ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या ड्रायव्हरची वाट पाहत अडकला की कर्नल ठणठणीत असूनही दिवा लागत नाही. कॅप्स लॉकचा दिवा आपोआप लुकलुकू लागला तर ती कर्नल कोसळल्याची खूण असते. न लागणारा दिवा मात्र काहीच सिद्ध करत नाही.

जालना_जुने_यंत्र:
दिव्याबाबतचा मुद्दा मान्य आहे. रॅम पुसण्याचा सल्ला मी मागे घेत नाही, त्याने नुकसान तरी काही होत नाही.

हिंगोली_हार्डवेअर:
बायोस, म्हणजे मदरबोर्डच्या चिपवरील मूळ प्रणाली, अद्ययावत करा असे कोणी ना कोणी सांगेलच, म्हणून आधीच सावध करतो. मी गेल्या पावसाळ्यात याच कारणासाठी बायोस अद्ययावत करायला घेतले, मध्येच लाईट गेली, इन्व्हर्टरने भार उचलेपर्यंतच्या त्या क्षणभराच्या खंडात संगणक बंद पडला आणि मदरबोर्ड निकामी झाला. दुरुस्ती करणाऱ्याने चिप काढून पुन्हा लिहिली, त्यात नऊ दिवस आणि १,५०० रुपये गेले. साधा इन्व्हर्टर म्हणजे यूपीएस नव्हे, हे मी तेव्हा शिकलो. बायोसला हात लावायचाच असेल तर यूपीएस लावून लावा.

संभाजीनगर_कर्नल:
स्लीपचे दोन प्रकार असतात हे अजून कोणी सांगितलेले नाही. सिस निर्देशिकेतील पॉवर या उपनिर्देशिकेत मेम-स्लीप नावाची फाईल आहे, ती उघडून पाहा. तेथे ‘एस-टू-आयडल’ आणि ‘डीप’ असे दोन शब्द दिसतात आणि जो वापरात आहे तो चौकटी कंसात असतो. डीपमध्ये रॅम सोडून जवळजवळ सर्व भागांची वीज काढून घेतली जाते, तर एस-टू-आयडलमध्ये प्रोसेसर नुसता निवांत बसतो आणि विजेची बचत कमी होते. जो प्रकार वापरात असेल त्याऐवजी दुसरा लावून पाहावा. त्या फाईलमध्ये तो शब्द लिहिला की पुढच्या वेळी संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत बदल टिकतो, त्यामुळे चाचणी सुरक्षित असते. सोबत संगणक सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडूनही पाहावा. मिंट २२ मध्ये मूळ कर्नल ६.८ आहे.

सेलूकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल दोनदा आणि आज एकदा संगणक अडकला आणि तिन्ही वेळा मोबाइलवरून लॉगिन झाले. घड्याळ थांबलेले असताना तारखेची आज्ञा दिली तर ती अचूक वेळ सांगत होती. हे पाहून मला खरोखर हायसे वाटले. नोंदीत सस्पेंड एक्झिटची ओळ आहे आणि तिच्यानंतर लगेच एनव्हीआरएम आणि एक्सआयडी असे शब्द असलेल्या अनेक ओळी आहेत. मेम-स्लीपमध्ये कंसात ‘डीप’ आहे. दुसरा प्रकार लावला तरी संगणक तसाच अडकला. जांभळ्या तारेवर शेजारच्या इलेक्ट्रिशियन भाऊंनी मीटर लावला, तो ५.०३ व्होल्ट दाखवतो. रॅमही पुसली.

लातूर_टर्मिनल:
मग चित्र स्पष्ट झाले. एक्सआयडी हे एनव्हिडियाच्या ड्रायव्हरने नोंदवलेल्या चुकीचे नाव आहे. तुमचे पहिले निरीक्षणही याच्याशी जुळते. डीप स्लीपमध्ये कार्डाचीही वीज जाते आणि कार्डावरच्या स्मृतीत जे असेल ते पुसले जाते. ड्रायव्हर त्यातील अत्यावश्यक तेवढेच मुळात जपून ठेवतो. ब्राउझर आणि इंकस्केप यांनी कार्डावर ठेवलेली चित्रे त्यात येतीलच असे नाही, म्हणून रिकाम्या डेस्कटॉपवर त्रास होत नाही आणि काम चालू असताना होतो. सर्व स्मृती जपायची असेल तर ड्रायव्हरचा प्रिझर्व्ह-व्हिडिओ-मेमरी-ॲलोकेशन्स हा पर्याय १ करावा लागतो आणि एनव्हिडिया-सस्पेंड व एनव्हिडिया-रिझ्यूम या दोन सेवा, त्या सांभाळणाऱ्या सिस्टिमडीमध्ये, चालू असाव्या लागतात. त्या तपासून कळवा. जपलेली स्मृती डिस्कवर टेम्प निर्देशिकेत लिहिली जाते. तेथे कार्डाच्या क्षमतेपेक्षा पाच टक्के अधिक, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वाचार जीबीच्या आसपास जागा मोकळी ठेवावी.

सेलूकर:
तपासले. दोन्ही सेवा बंद आहेत. मुलाला विचारले तेव्हा कळले की त्याने ड्रायव्हर मिंटच्या ड्रायव्हर व्यवस्थापकातून न घेता संकेतस्थळावरून उतरवून स्वतः बसवला होता आणि मिंट २२ वर येताना मीच त्यावर घाईने दुसरा बसवला. चूक आमच्या मांडणीची आहे.

वसमत_वर्कशॉप:
५.०३ हे मोजमाप संगणक चालू असतानाचे आहे की स्लीपमध्ये असतानाचे? ते स्लीपमध्ये असतानाच घ्यायला हवे. एसएमपीएसवरचा माझा संशय अजून गेलेला नाही.

गोदाकाठ_नांदेड:
एवढ्या सेवा आणि पर्याय शिकण्यात गेलेल्या दिवसांची मजुरी धरली तर मिनी पीसी स्वस्तच पडला असता. माझ्या मिनी पीसीत वेगळे कार्डच नाही, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

बीड_बायपास:
बंद करा, वीस सेकंदांत सुरू करा. मी हे आधीही सांगितले आहे.

सेलूकर:
मी निर्णय घेतला आहे आणि तो येथे कोणीही सुचवलेला नाही, म्हणून कारणांसह लिहितो. मी कार्डच काढून ठेवले.

गोदाकाठ यांचे ‘वेगळे कार्डच नाही’ हे वाक्य वाचल्यावर लक्षात आले की ५६००जी प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स आहेच आणि त्याचा एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो. लातूरकरांनी सांगितलेला मार्ग अचूक आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु तो बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधला जावा लागतो, आणि एखाद्या वेळी तो बांधला गेला नाही तर हंगामाच्या ऐन गर्दीत ते निस्तरणारे माझ्याजवळ कोणी नाही. पत्रिका आणि अर्ज यांना त्या कार्डाची गरजही नाही. ते मुलाच्या खेळांसाठी होते. ते पिशवीत घालून कपाटात ठेवले आहे, तो आला की घेऊन जाईल.

ज्यांना असे करायचे असेल त्यांच्यासाठी दोन अडचणी सांगतो. ड्रायव्हर आधी पूर्णपणे काढून टाकावा आणि मगच कार्ड काढावे. माझ्याकडे इटीसी निर्देशिकेतील एक्स-इलेव्हन या उपनिर्देशिकेत जुनी एक्सऑर्ग-कॉन्फ फाईल राहून गेली होती, तिच्यात त्याच ड्रायव्हरचे नाव असल्याने पहिल्यांदा डेस्कटॉप आलाच नाही; मोबाइलवरून लॉगिन करून ती फाईल हलवली तेव्हा आला. तसेच प्रोसेसरचे ग्राफिक्स मुख्य रॅममधूनच वाटा घेते, त्यामुळे १६ जीबी पूर्ण दिसत नाही.

लातूर_टर्मिनल:
दोन सेवा चालू करण्याइतक्या सोप्या उपायासाठी चांगले कार्ड कपाटात जावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. मी स्वतः तसे केले नसते. दुकान आपले आहे आणि गर्दीच्या दिवशी खोळंबणारे लोकही आपलेच आहेत, त्यामुळे निर्णय आपलाच राहील. एसएसएच मात्र तसेच चालू ठेवा आणि मुलगा कार्ड घेऊन जाईल तेव्हा त्या दोन सेवा त्याला आवर्जून सांगा.

सेलूकर:
मुलाला कालच आपला संदेश जसाच्या तसा पाठवला. कार्ड काढून आज तेरा दिवस झाले. प्रत्येक वेळी स्लीपमध्ये टाकल्याची आणि उठवल्याची वेळ मी अर्जांच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो. एकूण ४१ नोंदी आहेत आणि एकदाही संगणक अडकलेला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी लाईट चार वेळा गेली, त्यातल्या एका वेळी पाऊण तास नव्हती. वसमतच्या भाऊंच्या समाधानासाठी स्लीपमध्ये असतानाही जांभळ्या तारेवर मीटर लावून घेतला. तो ५.०१ व्होल्ट आहे.