रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानाचं इंजिन): इलेक्ट्रिक इंधन पंप फायरवॉलवर (इंजिनामागच्या आगरोधक भिंतीवर) चालेल का?

प्रश्न: इंजिन ९१२ यूएलएस, विमान लो-विंग (पंख खालच्या बाजूला), टाक्या पंखांत, पंप फायरवॉलवर. उन्हात गरम इंजिन पुन्हा सुरू केलं की इंधनाच्या दाबाचा काटा ०.१ बारवर थरथरतो. पंप बदलू?

उत्तर १: पंप नको, जागा बदला. टाकी खाली, पंप वर, म्हणजे त्याला पेट्रोल ओढावं लागतं. ओढताना नळीतला दाब घटतो, वर इंजिनाची धग. पेट्रोल नळीतच उकळतं आणि पंप नुसती वाफ घुसळत बसतो. टाकीच्या तळाला किंवा त्याखाली बसवा, आधी गाळणी. इथेनॉलवालं पेट्रोल असेल तर त्रास जास्तच.

उत्तर २: बरोबर. रिटर्न लाइनही (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) बघा. तिच्यातलं ०.३५ मिमीचं छिद्र कचऱ्याने बुजलं की वाफ टाकीत परतत नाही. दाब ०.१५ ते ०.४ बार हवा.

उत्तर ३: मग प्रवाह मोजा. नाक चढाईच्या कोनात, टाकीत थोडंच इंधन, नळी कार्ब्युरेटरपाशी सोडवलेली. टेकऑफला ताशी २७ लिटर लागतात. सुरक्षेसाठी त्याच्या १२५ टक्के धरले तर १० मिनिटांत साडेपाच लिटरच्या वर यायला हवं. पेट्रोल धरायचा डबा धातूचा, स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून विमानाला तारेने जोडलेला. प्लास्टिकची बादली अजिबात नको.