क्वार्टर टेबलावर फोडायची की पेग काउंटरवर मोजायचा?

तापीकाठचा
जळगाव, भुसावळ, धुळे, कुठलाही परमिट रूम घ्या, गिऱ्हाइकाची कुरकुर शेवटी मापावरच येते. म्हणून माझं मत ठाम आहे: सुटा पेग घेऊच नये. क्वार्टर, म्हणजे 180 मिलीची सीलबंद बाटली, मागवावी आणि सील आपल्या डोळ्यांसमोर तोडायला लावावं. 750 मिलीच्या बाटलीत 30 मिलीचे 25 पेग बसतात. दर पेगात फक्त 3 मिली मारले की त्याच बाटलीतून पावणेअठ्ठावीस निघतात. हे 3 मिली जिभेला कळत नाहीत. बर्फ आधी टाकलेला असेल तर डोळ्यालाही कळत नाहीत.

सील तोडताना झाकणाखालची कडी अखंड आहे का, राज्य उत्पादन शुल्काचं लेबल शाबूत आहे का, आणि बाजूच्या बाटलीएवढीच पातळी आहे का, एवढं बघायचं. रावेर, चोपडा, शिरपूरकडे आणखी एक गोष्ट: लेबलावर ‘फक्त मध्य प्रदेशात विक्रीसाठी’ असं तर छापलेलं नाही ना? बऱ्हाणपूर आणि सेंधवा जवळच आहेत, तिकडचा माल इकडे उतरतो. त्याचा इथला कर भरलेला नसतो. चांगला बारवाला असल्या बाटलीला हात लावत नाही.

काउंटरच्या आतून
भो, सील तुम्ही तोडता हे कबूल. पण उरलेलं कुठे जातं ते सांगा की. परमिट रूममधून बाटली पार्सल नेता येत नाही, परवाना जागेवर बसून पिण्याचा असतो. 120 पिऊन गिऱ्हाईक उठतं, तळाला 60 राहते. नीट बार असेल तर ती सिंकमध्ये जाते. नीट नसेल तर दोन-तीन टेबलांचं उरलेलं एका बाटलीत जमतं आणि तिथून पुढच्या सुट्या पेगात. म्हणजे ज्या भेसळीला तुम्ही घाबरता तिचा कच्चा माल क्वार्टरवालाच पुरवतो.

दुसरं, 60 चा पेग घेणारा माणूस 60 वर थांबू शकतो. क्वार्टर फोडली की ‘पैसे दिलेत’ म्हणून ती संपवली जाते. 42.8 टक्क्यांच्या 60 मिलीत साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, 180 मध्ये 60 च्या वर. गाडी चालवताना रक्ताची मर्यादा 100 मिलीला 30 मिलीग्रॅम आहे. मध्यम अंगाचा माणूस रिकाम्या पोटी एका मोठ्या पेगातच ती ओलांडू शकतो. पहिल्या गुन्ह्याला 10 हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

तापीकाठचा
उरलेल्यावर उपाय आहे. उठण्याआधी उरलेली दारू पाण्याच्या ग्लासात ओतून टाका आणि लेबल नखाने फाडा. रिकामी बाटली लेबलासकट चांगल्या स्थितीत भंगारात गेली तर ती परत भरली जाते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. आणि थोड्यावरच थांबायचं असेल तर नाइन्टी, म्हणजे 90 मिलीची बाटली, मागवा. सगळ्या ब्रँडात मिळत नाही, हे मान्य.

बोरीपारचा
काउंटरवाले भाऊ, तुम्हनं म्हणनं खरं शे, पन गिऱ्हाईकले कसं कळी माप बरोबर शे का नही? तुम्ही काउंटरच्या आड मोजता, आम्ही टेबलावर बसतो. माप टेबलावर आणून ओता, मग सुटा पेग घ्यायला कोणाची ना नाही.

काउंटरच्या आतून
हे रास्त आहे. स्टीलचं माप एका बाजूला 30, दुसऱ्या बाजूला 60 असतं आणि त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर तिथेच विचारा. माप मारायच्या रीती ठरलेल्या आहेत: तळाला पोचा आलेलं माप वापरायचं, तिरकं धरून काठापर्यंत भरल्यासारखं दाखवायचं, किंवा भरता भरताच ग्लासात उलटायचं. माप सपाट जागेवर ठेवून भरलं की यातल्या शेवटच्या दोन बंद होतात.

पोचा आलेलं माप मात्र डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सीलबंद क्वार्टर फोडून 60 च्या मापाने तीनदा ओता. तिसऱ्या मापाला बाटली रिकामी झाली पाहिजे. बाटलीत उरलं तर माप लहान आहे. मालकाने महिन्यातून एकदा गल्ल्यावर हे करून बघावं, नवा पोऱ्या कामाला लागला की लगेच करावं. बऱ्याचदा चोरी मालकाची नसतेच. पोऱ्या पेग मारतो, वाचलेले पेग बिलाबाहेर विकतो आणि शिव्या मालक खातो.

हिशेबनीस
मापावर एवढी चर्चा चालली आहे, पण गिऱ्हाईक जास्त फसतं ते बिलात. दारूवर जीएसटी नाही, व्हॅट आहे. परमिट रूमचा व्हॅट 1 नोव्हेंबर 2023 पासून 5 वरून 10 टक्के झाला. जेवणावर जीएसटी 5 टक्के, एसी हॉल असो की बाहेरचं अंगण. म्हणून दारू आणि जेवण बिलात वेगळं दिसलं पाहिजे. समजा दारू 600 ची आणि जेवण 400 चं. 60 रुपये व्हॅट, 20 रुपये जीएसटी, एकूण 1080. सगळ्या हजारावर 15 टक्के लावून 1150 मागितले तर वरचे 70 परत मागा. बिलावर जीएसटी नंबर नसेल तर जीएसटी लावताच येत नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, ‘काढा’ म्हटलं की काढावा लागतो. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आता उलट बाजू. ‘वाइन शॉपमध्ये 205 ची क्वार्टर इथे 300 ला कशी?’ ही तक्रार मला पटत नाही. दुकानदाराला छापील किमतीच्या वर घेता येत नाही, बारला टेबल, पंखा, वेटर, ग्लास धरून भाव लावता येतो. पाण्याच्या बाटलीचंही तेच, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2017 मध्ये हॉटेलांच्या बाजूने निकाल दिला. भाव मेनूवर छापलेला असला की वाद संपला. मेनूच नसेल आणि वेटर तोंडी भाव सांगत असेल तर मात्र उठून जावं.

बोरीपारचा
मग लायसन्सची फी वाढली, ड्युटी वाढली की लगेच भाव वाढवता, आणि चखण्याची वाटी लहान करता. ते कुठे छापता?

हिशेबनीस
छापत नाहीत, खरं आहे. 2025 मध्ये ड्युटी वाढली तेव्हा ज्यांनी भाव उघड वाढवला त्यांचं गिऱ्हाईक आठवडाभर कुरकुरलं आणि परत आलं. ज्यांनी भाव तोच ठेवून शेंगदाणे कमी केले त्यांचं नाव खराब झालं.

थंडगार
बिअरवाल्यांना विसरलात की काय? मे महिन्यात पारा 44 ला असताना बाहेरून आलेलं खोकं फ्रिजमध्ये टाकून तासाभरात ‘चिल्ड’ होत नाही. घाईत डीप फ्रीजरला टाकली की गोठते, कधी बाटली तडकते, आणि वितळल्यावर गॅस गेलेला असतो. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ, बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. पाण्याशिवाय नुसता बर्फ रचला तर बाटलीला तो ठिकठिकाणीच टेकतो, पाणी हवंच.

त्या बादलीत कारखान्याची निळी लादी चालेल, ग्लासात अजिबात नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम महाराष्ट्रात 2018 पासून आहे, तो याचसाठी. ग्लासातल्या बर्फाला निळी झाक दिसली की ग्लास परत करा. बार कसा आहे हे मी तरी सीलवरून नाही, बर्फावरून ठरवतो.

काळा मसाला
आणि शेवभाजीवरून! रस्सा उकळता, तर्री वर आलेली, आणि जाड तिखट शेव अगदी ताटलीत वाढताना. ऑर्डर यायच्या आधीच शेव रस्स्यात टाकून ठेवली की तिचा लगदा होतो, मग तोच लगदा तेल ओतून ‘स्पेशल’ म्हणून येतो. शेव वेगळ्या वाटीत मागा. भरीत हिवाळ्यातच मागवा. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं आणि गॅसवर भाजलेलं वांगं यांचा फरक दोन पेगांनंतरही कळतो. ज्यांची शेव कुरकुरीत त्यांचं मापही बरोबर, असं माझं निरीक्षण आहे.

काउंटरच्या आतून
शेवचं माप वजनमापे खात्याकडे नसतं, आबा. तापीकाठच्या भाऊंना एवढंच विचारतो: टेबलावर शिक्क्याचं माप आणून ओतलं, तरी क्वार्टरच घेणार?

तापीकाठचा
ओळखीच्या बारमध्ये पेग घेईन. हायवेवरच्या अनोळखी बारमध्ये क्वार्टरच, आणि लेबल फाडूनच उठणार.